मोटारीचीही वानगी पाहावी

तुरीचा ट्रक दारात उभा राहिला म्हणजे आपण काय करतो, हे या स्मरणिकेच्या वाचकांस सांगण्याची गरज नाही. पोत्यात लोखंडी नळी खुपसून वरचा, मधला व तळचा दाणा तळहातावर घेतो, एखादा दाताखाली फोडून ओल पाहतो आणि वानगी जुळली नाही तर माल परत धाडतो; मग तो धाडणारा आपला सख्खा व्याही का असेना. हाच मनुष्य आठ-दहा लाखांची मोटार घ्यावयास निघाला की मेव्हण्याच्या शब्दावर, शेजाऱ्याच्या गाडीच्या रंगावर किंवा चिरंजीवांनी मोबाईलवर दाखविलेल्या चित्रफितीवर विसंबून विसार देऊन मोकळा होतो. ही गोष्ट आम्हांस फार वर्षे खटकत आली आहे. या चुकीत आम्ही स्वतः एकदा सापडलो आहोत, म्हणूनच ती अधिक खटकते.

आमच्या वडिलांच्या काळी वानगीचा प्रश्नच नव्हता. अँबॅसडर की फियाट, हा वाद आमच्या रविवार पेठेत दुपारच्या चहाबरोबर रोज चाले. अँबॅसडर ऐसपैस, पुढच्या सलग बाकावर तीन, मागे चार, वर पोरेटोरे आणि डिकीत तुरीचे पोते. फियाट अंगाने लहान, चालीने चपळ आणि पेट्रोलास हलकी; 1973 च्या अखेरीस तेलाचे भाव भडकल्यावर तर तिचे पारडे फारच जड झाले. पण वाद कितीही रंगला तरी नव्या गाडीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. नंबर लागल्यावर जो रंग मिळेल तो मुकाट्याने घ्यावा, अशी रीत होती. चालवून पाहतो असे म्हणणारास विक्रेत्याने वेड्यात काढले असते. वडिलांना फियाट हवी होती. त्यांनी 1974 साली जुनी अँबॅसडर घेतली, कारण ती समोर उभी होती. 14 डिसेंबर 1983 रोजी पहिली मारुती 800 ग्राहकाच्या हाती पडली आणि पुढे हळूहळू गिऱ्हाईकाचे दिवस आले. सवयी मात्र जुन्याच राहिल्या, असे आमचे मत आहे.

आता आमची चूक सांगतो. 2009 साली आम्ही एक नवी मोटार घेतली. ती कोणत्या कंपनीची होती हे येथे सांगण्याचे प्रयोजन नाही. गाडीत दोष नव्हता, दोष घेणारात होता. एका स्नेह्याने स्तुती केली, चिरंजीवांना आकार आवडला, आणि आम्ही दुकानातून उठून धनादेश देऊन आलो. घरातील कोणीही तिच्या मागच्या आसनावर बसून पाहिले नव्हते. ते आसन जमिनीलगत होते आणि छप्पर मागे उतरते होते. मातोश्री तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. दर महिन्यास स्तवनिधीस दर्शनास जाण्याचा त्यांचा नेम होता. चार-सहा महिन्यांत तो सुटला. विचारले तर म्हणत, "माझे आता वय झाले, तुम्ही जाऊन या." आम्हीही तेच खरे मानले. पुढे एकदा थोरल्या भगिनी आपली जुनी, उंच बैठकीची गाडी घेऊन आल्या. त्या दिवशी मातोश्री आपण होऊन तीत चढल्या, तवंदी घाट उतरल्यावर आपण होऊन खाली उतरल्या आणि दर्शन करून हसतमुखाने परतल्या. तेव्हा आमच्या ध्यानात आले की वय झाले होते हे खरे, पण नेम मोडला होता तो आम्ही घेतलेल्या गाडीने. इतके कळूनही ती आम्ही लगेच बदलली नाही. तोट्यात विकणे व्यापाऱ्याच्या जिवावर येते. 2013 साली बदलली, तेव्हा मातोश्री अंथरुणास खिळल्या होत्या.

गतवर्षी पुन्हा मोटार घेण्याची वेळ आली. 22 सप्टेंबर 2025 पासून चार मीटरपर्यंत लांबीच्या आणि 1200 सी. सी. पर्यंतच्या पेट्रोल मोटारींवरील जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला, वरचा उपकरही गेला. तेव्हा घरात पुन्हा वाद सुरू झाला. चिरंजीव होंडाच्या अमेझचे, सूनबाई मारुतीच्या डिझायरच्या. दोन्ही त्याच मापात बसणाऱ्या. आम्ही एकच अट घातली : दोन्ही गाड्या एकाच दिवशी, एकाच रस्त्याने, पाचही जण बसून पाहावयाच्या. विक्रेत्याच्या पोराने "काका, पाच जण कशाला?" असे विचारले. त्याचा नेहमीचा फेरा गुळगुळीत हमरस्त्यावरून दोन-तीन किलोमीटरचा, आणि तोही एकट्या चालवणाराचा. आम्ही त्यास कपिलेश्वर उड्डाणपुलावर नेले, चढावर मध्येच थांबवून पुन्हा निघावयास लावले, मग शहापुरातील आमच्या बोळात गाडी मागे घेऊन पाहिली. बिचारा घामाघूम झाला, पण रागावला नाही.

कागदावर पाहिले तर डिझायरचे इंजिन तीन सिलिंडरचे, अमेझचे चार. कंपन्यांनी दिलेले मायलेज लिटरला अनुक्रमे 24.79 आणि 18.65 किलोमीटर, डिकी 382 लिटर आणि 416 लिटर. 2024 साली ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत डिझायरला प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षेचे पाच तारे मिळाले, ही गोष्ट सूनबाईंनी तीनदा ऐकवली, आणि ती ऐकण्यासारखीच आहे. परंतु चालत्या गाडीत जे कळले ते कागदावर नव्हते. उभ्या गाडीत डिझायरच्या सुकाणूस किंचित थरथर जाणवते, अमेझ शांत. उलट बोळात डिझायर हलकी वाटली आणि चटकन वळली. मागे मधोमध बसणाराचे हाल दोहोंतही सारखेच. आमच्या सौभाग्यवतींचे गुडघे दुखतात. त्या दोन्ही गाड्यांत तीन-तीनदा बसल्या आणि उतरल्या, आणि त्यांनी अमेझकडे बोट दाखविले. त्यावर आम्ही कोणासही बोलू दिले नाही.

येथे एक सूचना करून ठेवतो. दाखवावयाची गाडी बहुधा सर्वांत महाग प्रकारची असते आणि आपण घेतो ती मधली. तेव्हा आपण घेणार तीत कोणती आसने, कोणते टायर असतील हे तेथल्या तेथे विचारावे. सुकाणूवरील वेष्टन खऱ्या चामड्याचे की कृत्रिम, हेही आपल्या घरांत विचारले गेलेच पाहिजे. आम्ही विचारले तेव्हा विक्रेत्यास आत जाऊन पाहून यावे लागले.

अर्ध्या तासाच्या फेरीने गाडीचा टिकाऊपणा कळत नाही, असा आक्षेप कोणी घेईल. तो रास्त आहे. त्यासाठी लाखभर किलोमीटर चालविलेल्या टॅक्सीवाल्यास आणि कंपनीशी संबंध नसलेल्या मेस्त्रीस विचारावे. पण गुडघा, पाठ आणि चढ यांचे उत्तर टॅक्सीवाला देऊ शकत नाही.

खर्चाचा हिशोब आम्ही घरी आल्यावर केला. आमची गाडी वर्षास सहा हजार किलोमीटर चालते. वरील आकडे खरे धरले तर अमेझला सुमारे ऐंशी लिटर पेट्रोल जास्त लागेल. लिटरमागे शंभर रुपये म्हणजे आठ हजारांचा फरक. गुडघ्यांसाठी तो आम्ही सोसला. निपाणीचे आमचे चुलतबंधू बाजार करीत वर्षास चोवीस हजार किलोमीटर फिरतात. त्यांना हाच फरक बत्तीस हजारांच्या घरात जातो. त्यांनी डिझायर घेतली, आणि त्यांचेही बरोबरच आहे. "चालवून पाहिली होतीत का?" असे आम्ही त्यांस विचारले, तेव्हा म्हणाले, "मी कशाला? तुम्ही पाहिली होतीत ना!"