केक आश्रमात, फाइल तहसिलीत

वर्धा जिल्ह्यात निराधार मुलांचा विषय निघाला की सिंधुताई सपकाळांचे नाव निघणारच. पिंपरी मेघेत जन्मलेली, नवरगावात नांदलेली ही बाई पुढे असंख्य लेकरांची माई झाली. 2021 साली तिला पद्मश्री जाहीर झाली. मग निष्कर्षही ठरलेला असतो. अशी एखादी माई हवी, एखादा आश्रम हवा, आपण यथाशक्ती हातभार लावू. पोराच्या वाढदिवसाला आश्रमात केक, पितृपक्षात जेवण, फोटो गटावर.

त्याच चरित्राचा आरंभ मात्र कोणी आठवत नाही. दिवस भरलेल्या बाईला घराबाहेर काढले गेले, ती गोठ्यात बाळंत झाली, माहेरीही थारा मिळाला नाही. गाव तेव्हाही होते, शेजारपाजार होता. तिच्या बाजूने उभे राहायला कोणी नव्हते.

तळेगाव (श्यामजी पंत) सारख्या महामार्गावरच्या गावाने स्वयंसेवेचा विचार इथून सुरू करायला हवा. 2006 साली केंद्राने शेतकरी आत्महत्यांसाठी विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांना पॅकेज दिले, त्यांत वर्धा होता. कर्ता पुरुष गेला, आई रोजमजुरीला, मागे दोन पोरं, ही इथे कुणाला समजावून सांगावी लागणारी गोष्ट नाही. अशा घरी तेराव्यानंतर एखादा नातेवाईक हमखास म्हणतो, "टाकून दे आश्रमात, दोन घास तरी सुखाने खातील."

पहिले खंडन याच वाक्याचे. मुलांच्या काळजी-संरक्षणाचा 2015 चा कायदा संस्थेला शेवटचा उपाय मानतो. आधी कुटुंब, मग नातेवाईक, मग प्रतिपालक घर. ही नुसती भावना नव्हे. रुमानियात, बुखारेस्टमध्ये, संशोधकांनी संस्थांतल्या 136 बालकांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एक संस्थेतच राहिला, दुसरा प्रतिपालक घरी गेला. साडेचार वर्षांच्या वयात संस्थेतल्या मुलांचा बुद्ध्यंक सरासरी 73 भरला, घरातल्यांचा 81. जितके लवकर घर मिळाले, तितका फायदा मोठा. संस्थेतला वरणभात कमी पडला म्हणून हे झाले नाही.

संस्था नकोतच, असे म्हणणेही खोटे ठरेल. अमरावती जिल्ह्यात वझ्झरला शंकरबाबा पापळकरांनी रस्त्यावर, स्थानकांवर टाकून दिलेली दिव्यांग मुले सांभाळली, त्यांना स्वतःचे आडनाव दिले. त्या मुलांना परतायला घरच नव्हते. पण आई जिवंत असलेल्या, फक्त पैशाने हरलेल्या घराला वझ्झरचा दाखला लावणे म्हणजे सर्दीला शस्त्रक्रिया सुचवणे.

"पण हे सरकारचे काम आहे," हा दुसरा आक्षेप. आहेच. सरकारने योजनाही केली आहे. क्रांतीज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत अशा मुलाला महिना 2250 रुपये मिळतात. मात्र त्यासाठी मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शाळेचा बोनाफाइड, रेशनकार्ड, बँकेचे पासबुक, मग गृहचौकशी आणि जिल्ह्याच्या बालकल्याण समितीचा आदेश. तळेगावातून तहसिलीसाठी आष्टी, समितीसाठी आर्वीमार्गे वर्धा. प्रत्येक खेपेला त्या बाईची मजुरी बुडते. दोन खेपांनंतर ती फाइल सोडून देते आणि पोरांना आश्रमाच्या दारी नेते. सरकारचा पैसा आणि ते घर यांच्यामध्ये जे अंतर आहे, तीच स्वयंसेवकाची जागा.

हे काम होते, याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. 2021 मध्ये करोनाने घरेच्या घरे उघडी पाडली, तेव्हा हेरंब कुलकर्णी यांच्या पुढाकाराने कोरोना एकल महिला पुनर्वसन समिती उभी राहिली. तालुक्यातालुक्यांतल्या कार्यकर्त्यांनी एकट्या पडलेल्या बायकांच्या याद्या केल्या, अर्ज भरून घेतले, कार्यालयांचे उंबरठे झिजवले. त्याच वर्षी राज्याने याच कामासाठी तहसीलदारांच्या अध्यक्षतेखाली तालुका समित्या नेमल्या. इमारत नाही, कोनशिला नाही. म्हणून बहुधा कौतुकही बेताचेच.

तिसरा आक्षेप सगळ्यांत वजनदार आहे: हौशी माणसे मदतीपेक्षा घोळच जास्त घालतात. 2021 मध्येच "दोन गोंडस मुले, आईवडील गेले, दत्तक घ्या" असे संदेश मोबाइलवर फिरत होते, तेही भल्याभल्यांकडून. असे परस्पर दत्तक देणे गुन्हा आहे. संरक्षणाखालच्या मुलाची ओळख माध्यमांतून उघड करणे हाही गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड. केकवाल्या फोटोंचे काय करायचे, हे ज्याचे त्याने ठरवावे.

तरी यातून स्वयंसेवक नकोत हे सिद्ध होत नाही, तयारी नसलेले नकोत एवढेच होते. अमेरिकेत सिएटलचे न्यायाधीश डेव्हिड सूकप यांनी 1977 मध्ये साध्या नागरिकांना शिकवून मुलांच्या बाजूने न्यायालयात बोलायला उभे केले. तिथे अट एकच नव्हती: प्रशिक्षण हवे, पूर्वचौकशी हवी आणि त्या मुलाचे प्रकरण संपेपर्यंत टिकायला हवे. तिसरी अटच अवघड. आपल्याकडे उत्साह उन्हाळी सुट्टीपुरता असतो, आणि सोडून जाणाऱ्यांची सवय झालेल्या पोराला आणखी एक सोडून जाणारा भेटतो.

तळेगावात त्यासाठी नवी संस्था काढावी लागत नाही. सरपंच, पोलीस पाटील, अंगणवाडी सेविका यांची गाव बाल संरक्षण समिती ही सरकारी तरतूदच आहे. पुष्कळ गावांत ती फलकापुरती उरते, कारण तिला कोणी काही विचारत नाही. येत्या ग्रामसभेत विचारता येईल: गावात बाप किंवा आई गमावलेली मुले किती, त्यांतल्या कितींच्या खात्यावर 2250 रुपये येतात, आणि ज्यांच्या येत नाहीत त्यांची फाइल नेमकी कोणत्या टेबलावर आहे.