गाठ काढा, पण नसाही राखा

मणक्याच्या किंवा ओटीपोटाच्या कॅन्सरमधून माणूस वाचतो, पण पाय उचलत नाही, लघवीची नळी सुटत नाही. अशी घरे पुण्यात आपल्या ओळखीची आहेत. म्हणून हे मुद्दे.

१. भूल दिलेला रुग्ण ‘पाय बधिर झाला’ असे सांगू शकत नाही. १९७३ मध्ये फ्रान्समधले सर्जन स्टॅग्नारा आणि सहकाऱ्यांनी रुग्णाला ऑपरेशनच्या मध्येच अर्धवट जागे करून पाय हलवायला लावण्याची चाचणी मांडली. आज डोक्यावरून विजेचे छोटे झटके देऊन मेंदूचा संदेश मज्जारज्जूतून पायाच्या स्नायूपर्यंत पोचतो का, हे ऑपरेशन चालू असतानाच पाहता येते; हीच नसांची देखरेख, म्हणजे मॉनिटरिंग. संदेश क्षीण झाला की सर्जन थांबतो, रक्तदाब वाढवला जातो, नसेवरचा ताण सैल केला जातो. इजा कायमची होण्याआधीची ही मोजकी मिनिटे रुग्णाच्या हक्काची आहेत.

२. माकडहाडाच्या वरच्या त्रिकास्थीत कॉर्डोमासारखी गाठ होते, तेव्हा प्रश्न लघवी, शौच आणि वैवाहिक आयुष्याचा असतो. तिथल्या दुसऱ्या क्रमांकाच्या दोन्ही नसा आणि तिसऱ्या क्रमांकाची एक तरी नस वाचली, तर लघवी-शौचावरचा ताबा टिकण्याची आशा बरीच असते. पण गाठीने वेढलेल्या भागात नस कोणती आणि नुसता तंतू कोणता, हे केवळ डोळ्यांनी किती ओळखायचे? सूक्ष्म विद्युतप्रवाह देऊन गुदद्वाराच्या स्नायूचा प्रतिसाद पाहिला की नस ओळखू येते. कॅन्सर समूळ काढण्यासाठी कधी नस जाणूनबुजून कापावी लागते, हे मान्य. ते रुग्णाला आधी सांगितलेले असते. नकळत कापली गेलेली नस मात्र त्याच्यावरचा अन्याय आहे.

३. नुसते देखरेखीचे यंत्र विकत घेऊन भागणार नाही. स्नायू शिथिल करणाऱ्या औषधाचा अंमल असेल तर प्रतिसादच उमटत नाही. वायुरूप भूल जास्त झाली तर संदेश दबतात. खोटे इशारेही येतात. म्हणून भूलतज्ज्ञ, सर्जन आणि प्रशिक्षित तंत्रज्ञ यांची घडी बसलेली हवी. तंत्रज्ञाचे पद न भरता यंत्र घेणे म्हणजे जनतेचा पैसा धूळ खात ठेवणे.

४. पुण्यातल्या मोठ्या खासगी रुग्णालयांत ही सोय मिळते. पण १८६७ पासून गोरगरिबांचा आधार असलेल्या सरकारी ससून रुग्णालयाकडे सोलापूर, अहिल्यानगर, साताऱ्याहून येणाऱ्या शेतमजुराचे काय? त्याचे पाय कमी मोलाचे आहेत का?

५. पैसा नाही, ही सबब पुरेशी नाही. महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या पॅकेजमध्ये या देखरेखीचा खर्च स्पष्टपणे धरलेला असलाच पाहिजे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक खाली धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखाव्या लागतात, बिलाच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत टाकावी लागते. मग त्या खाटेवरच्या रुग्णाच्या बिलात मॉनिटरिंग ‘जादा खर्च’ म्हणून का यावे? जमिनीच्या आणि करांच्या सवलती घेणाऱ्यांनी याचे उत्तर द्यायलाच हवे.

६. पुणेकरांनो, संमतिपत्रावर सही करण्याआधी विचारा: कोणत्या नसा धोक्यात आहेत? मॉनिटरिंग होणार आहे का, आणि नसेल तर का नाही? उत्तर लेखी मागा. आणि आपल्या नगरसेवकाला, आमदाराला हाच प्रश्न ससूनबद्दल विचारा.