बोजा कोणाचा उतरवला?



बोजा म्हणजे काय, हे गोदीतल्या माणसाला कुणी शिकवायला नको. मानेच्या मणक्याला ते ठाऊक असतं. म्हणून २०२२ साली दिल्लीच्या एनसीईआरटीनं करोनाचं कारण सांगून, पोरांच्या डोक्यावरचा अभ्यासाचा बोजा हलका करतो म्हणून पुस्तकांना कात्री लावली, तेव्हा मी हमालाच्या नजरेनं एकच गोष्ट बघितली. बोजा उतरवला, ठीक आहे. पण फेकली ती गोणी कुणाची?

पहिली गोणी. बारावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात लोकचळवळींवर एक अख्खा धडा होता. २००७ सालापासून होता. त्यात चिपको होती, उत्तरेतल्या शेतकऱ्यांची युनियन होती, आंध्रातल्या बायांनी दारूविरुद्ध दिलेली झुंज होती, नर्मदा होती. आणि १९७२ साली मुंबईत उठलेले दलित पँथर होते. केरळातल्या नाहीतर आसामातल्या पोराला नामदेव ढसाळ हे नाव शाळेच्या पुस्तकात भेटत होतं ते या धड्यामुळं. धडा अख्खाच्या अख्खा गेला.

बाकीच्या दोन गोण्या त्याआधीच, २०१९ साली धक्क्यावरून पाण्यात ढकलल्या होत्या. त्या नववीच्या इतिहासातल्या. एक धडा कपड्यांचा. त्यात त्रावणकोरमधल्या शाणार बायांनी अंग झाकायचा हक्क मागितला त्याची हकीकत होती. १८२२ साली त्या बायांवर हल्ले झाले. १८५९ साली परवानगी निघाली, तीसुद्धा वरच्या जातीच्या बायांसारखं वस्त्र घ्यायचं नाही या अटीवर. दुसरा धडा क्रिकेटचा. त्यात बाळू पालवणकर होता. चांभाराचं पोर, पुण्यात गोऱ्यांच्या क्लबाचं मैदान राखणारं. १९११च्या इंग्लंड दौऱ्यात त्यानं शंभरावर गडी बाद केले. तरी हिंदूंच्या संघाचं कप्तानपद त्याला मिळालं नाही. ते १९२३ साली त्याच्या भावाला, विठ्ठलला मिळालं.

या तीन धड्यांबरोबर दुसराही माल गेला, मला ठाऊक आहे. पण या तीन गोण्यांवरचा मार्का एकच आहे, तो वाचायला मॅट्रिकची गरज नाही.

आता कुणी म्हणेल, आमच्या राज्याच्या पुस्तकांत फुले आहेत, शाहू महाराज आहेत, बाबासाहेब आहेत, महाडही आहे. आहेत, मी नाही म्हणत नाही. पण ते कसे आहेत ते बघा. 'अस्पृश्यतेची प्रथा होती.' 'पाणवठे खुले झाले.' 'समाजसुधारकांनी कार्य केले.' या थाटाच्या वाक्यांत कर्ता शोधून दाखवा. प्रथा होती म्हणजे काय? ती पाऊस पडावा तशी पडत होती काय? पाणवठे आपसूक खुले झाले काय? व्याकरणाच्या तासाला कर्ता ओळखा म्हणून मार्क कापणारी शाळा इतिहासाच्या तासाला कर्ताच लपवते.

शाळेत अस्पृश्यतेचा धडा आला की आमचा सगळा वर्ग माना वळवून मागच्या दोन बाकांकडं बघायचा. आम्ही खाली बघायचो. कुणाच्या डोक्यात आलं नाही की धडा विटाळ सोसणाऱ्यांचा आहे तेवढाच विटाळ पाळणाऱ्यांचाही आहे, तेव्हा पुढच्या बाकांकडंही बघायला पाहिजे. वर्गानं असं बघायचं पुस्तकातून शिकलं. कारण पुस्तकात सोसणारा असतो, उद्धार करणारा असतो. पाळणारा कुठंच नसतो.

महाडचंच घ्या. परीक्षेत येतं ते एवढंच : चवदार तळ्याचा सत्याग्रह कोणत्या साली झाला? १९२७. एक मार्क. आता तीच गोष्ट कर्त्यासकट सांगतो. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळानं सी. के. बोले यांचा ठराव मंजूर केला : सरकारी खर्चानं चालणारे पाणवठे अस्पृश्यांना खुले करा. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेनं आपलं तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर. पाण्यापर्यंत जायची कुणाची छाती नव्हती, कारण काठावर सवर्ण उभे होते. २० मार्च १९२७ला बाबासाहेब हजारो माणसं घेऊन तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्याच दिवशी परतणाऱ्या माणसांवर महाडच्या सवर्णांनी लाठ्या चालवल्या. मग तळ्यात १०८ घागरी पंचगव्य ओतून तळं शुद्ध करून घेतलं. नगरपालिकेनं आपला ठराव फिरवला. काही जण दिवाणी कोर्टात गेले आणि तळं खाजगी आहे म्हणून मनाई हुकूम घेऊन आले. २५ डिसेंबरला मनुस्मृती जळाली. हायकोर्टाचा निकाल लागला १७ मार्च १९३७ला. आपल्या बाजूनं. एका ओंजळीला दहा वर्षं.

आता नागरिकशास्त्राचं पुस्तक उघडा. संविधानाच्या १५व्या कलमात विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांचा वापर करायला जातीवरून कुणाला मनाई करता येणार नाही असं आहे. १७व्या कलमानं अस्पृश्यता नष्ट केली. पोरं कलमांचे आकडे घोकतात. पण तलाव हा शब्द देशाच्या सर्वोच्च कायद्यात का आला, हे त्यांना कोण सांगणार? इतिहासाचं पुस्तक महाडवर थांबतं, नागरिकशास्त्राचं पुस्तक १९५० पासून सुरू होतं. मधला रस्ता ज्यांनी पायांनी तुडवला ती माणसं दोन पुस्तकांच्या फटीत पडतात. पोराला वाटतं हक्क छापखान्यातून येतात. ठराव होऊनही पाणी मिळत नाही, कायदा असून काठावर लाठी असते, ही नागरिकशास्त्राची पहिली गोष्ट आहे, आणि ती शिकवायची राहते.

यावर प्रस्थापितांचं उत्तर ठरलेलं आहे. कोवळ्या मनात जातीचं विष कशाला घालता? राष्ट्राच्या ऐक्याला तडा जाईल. च्यायला, कोवळं मन फक्त तुमच्याच पोरांचं असतं काय? माझ्या वस्तीतल्या पोरीला जात पुस्तकाआधीच कळलेली असते. तिला पुस्तकानं एवढंच सांगायचं असतं की हे कुणी केलं, कशासाठी केलं आणि आपल्या माणसांनी ते कसं मोडत आणलं. ते सांगितलं नाही तर ती समजते, खोट आपल्यातच आहे. आणि पुढच्या बाकावरचा पोरगा समजतो, हे सगळं कधीच संपलं, आता ह्यांना फुकटच्या सवलती कशाला. राष्ट्र फुटतं ते इथं फुटतं, वर्गाच्या मधोमध.

इतिहास लिहिणं आपल्याला नवीन नाही. जोतिबांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली. बाबासाहेबांनी १९४६ साली शूद्र पूर्वी कोण होते आणि १९४८ साली अस्पृश्य मूळचे कोण होते, यावर ग्रंथ काढले. त्याही आधी १८५५ साली, फुल्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मांगाच्या चौदा वर्षांच्या पोरीनं 'ज्ञानोदय'मध्ये निबंध लिहिला. मांगमहारांना इमारतींच्या पायात गाडत होते, हे तिनं पेशवाईचं नाव घेऊन लिहिलं. इमारतीचा इतिहास सगळेच लिहितात. त्या पोरीनं पायाचा लिहिला. शाळा असते ती यासाठी.

म्हणून नुसता निषेधाचा ठराव करून मी थांबणार नाही. गाळलेला धडा पुस्तकात परत आला पाहिजे, ही मागणी आहेच. पण तो येईपर्यंत आपली पोरं मोठी होऊन जातील. तेव्हा रद्दीवाल्याकडं जा. जुनी पुस्तकं किलोवर मिळतात. गाळलेले धडे शोधून काढा, झेरॉक्स करा, विहारात नाहीतर समाजमंदिरात रविवारी वर्ग लावा. जयंतीला डीजेवर जेवढा पैसा जातो त्याच्या चौथाईत वर्षभर वर्ग चालतो. फोटोला हार घालणारे आपण, फोटोतला माणूस काय वाचत होता ते कधी विचारत नाही.

घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. गावकीची कामं कोणत्या साली सोडली? मेलेलं ढोर ओढणार नाही, हे वस्तीत पहिल्यांदा कोण बोललं? बोलल्यावर गावानं काय केलं? १९५६च्या दीक्षेला नागपूरला कोण गेलं होतं, देव्हाऱ्यातले देव कुणी काढले? बायांना आधी विचारा, त्यांना तारखा नाही पण तपशील आठवतो. नाव, गाव, साल घालून लिहून काढा. या अंकाची पानं त्यासाठी उघडी आहेत. कवितांचा ढीग पडलाय माझ्याकडं, माझ्या स्वतःच्याही त्यात आहेत. थोडे दिवस कविता थांबल्या तरी चालतील. म्हातारी माणसं थांबणार नाहीत.

आणि वर्गात बसणाऱ्या पोरापोरींनो, तुमच्यासाठी एकच काम. मास्तरांनी 'अन्याय झाला' म्हटलं की हात वर करा. नम्रपणे विचारा, सर, या वाक्यात कर्ता कोण?

उत्तर मिळेपर्यंत हात खाली घेऊ नका.