काफूरसाठी कुणी बस जाळत नाही

मा. संजय लीला भन्साळी यांस,

25 जानेवारी 2018 रोजी ‘पद्मावत’ झळकण्याआधी आपण चित्रपटाचे नाव बदललेत, खुलाशाच्या पाट्या लावल्यात, ‘घूमर’ या गाण्यात राणीची उघडी कंबरही संगणकाने झाकलीत. चित्रपटाविरोधात रस्त्यावर बस जळत होत्या, तेव्हा इतिहासाची अशी काळजी वाटणारच! अल्लाउद्दीन खिलजीचा सेनापती मलिक काफूर याच्यासाठी मात्र कुणी काडीही ओढली नाही.

आपल्या पडद्यावर जलालुद्दीन खिलजी हा गुलाम अल्लाउद्दीनला भेट देतो. जलालुद्दीनचा खून झाला 1296 साली. काफूर सापडला 1299 च्या गुजरात स्वारीत, अल्लाउद्दीनचा सरदार नुसरतखान याने खंबायत लुटली तेव्हा. मेलेला सुलतान तीन वर्षांनी नजराणा पाठवतो, ही किमया आपल्याच दरबारी घडू जाणे.

हा ‘हजारदिनारी’ खोजा दख्खनवर निघाला, तेव्हा त्याच्या फौजेचा तळ सुलतानपुरात पडला होता. हे गाव आज नंदुरबार जिल्ह्याच्या शहादा तालुक्यात आहे; जुन्या खानदेश गॅझेटिअरने सन दिले आहे 1306. पुढे देवगिरी, 1310 ला वरंगळ, 1311 ला द्वारसमुद्र. त्या द्वारसमुद्राच्या मोहिमेची लूट इतिहासकार बरनी मोजतो: 612 हत्ती, 20,000 घोडे, 96,000 मण सोने. आकडे फुगवलेले असतील. पण ‘मलिक नायब’ हा त्याचा हुद्दा खरा होता. आपली कथा 1303 च्या चित्तोडपाशी थांबते, कबूल. पण म्हणून या सेनापतीचे लाडिक नजरेने पाहणारे, गळे कापणारे सोंग करायचे?

खोजा सेनापती होणे नवल नव्हते. खोज्याला वारस नसतो, म्हणून तो स्वतःची गादी स्थापणार नाही, हा दरबारांचा थंड हिशेब होता. त्यातूनच बायझंटाइन नार्सेसकडे इटलीची मोहीम आली, चीनच्या झेंग हेकडे 1405 पासून सात सागरी सफरी, अकबराच्या इतिमादखानाकडे महसुलाचा कारभार. असे खोजे मिळावेत म्हणून पोरांवर सुरी चालवली जाई. बंगालातला हा धंदा थांबवायला जहांगीरला फर्मान काढावे लागले. आपल्या भव्य सेटवर या क्रौर्याला कोपराही मिळाला नाही.

काफूर संत नव्हता. त्याने देवगिरीच्या यादवांचा शंकरदेव मारला, 1316 मध्ये शहजादा खिज्रखानाचे डोळे काढवले आणि थोड्याच दिवसांत स्वतःही मारला गेला. ज्याने या मुलखाची राजधानी बुडवली, त्याची वकिली खानदेशाने करावी, ही पाळी आपण आणलीत.

तेव्हा आणखी एक पाटी लावा: काफूर ही जलालुद्दीनची भेट नव्हे; खंबायतची लूट, 1299.

— शहादा तालुक्यातील एक प्रेक्षक