पिठाचा कोंबडा

यशोधर राजाची कथा आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. मातेच्या आग्रहामुळे बळी देणे भाग पडले, तेव्हा जिवंत प्राण्याचा वध टाळावा म्हणून राजाने देवीपुढे पिठाचा कोंबडा कापला. रक्त सांडले नाही, कोणाचा प्राण गेला नाही. तरीही मायलेकांना जन्मोजन्मी पशुयोनीत भटकावे लागले. सोमदेवसूरींनी इ.स. 959 मध्ये 'यशस्तिलक चंपू' रचला, तेव्हाही ही कथा जुनीच होती. ऐकताना अनेकांना ही शिक्षा अंमळ अधिकच वाटते. पिठाला कसली आली वेदना?

दूरदर्शनवरील मारामारीविषयी पालकांशी बोलावे, तर हाच प्रश्न निराळ्या शब्दांत पुढे येतो. 'ते सारे खोटे असते, मुलांनाही ते कळते. शिवाय दुष्टाला शेवटी शासन होतेच की!'

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बांडुरा यांनी याच गोष्टीची परीक्षा घेतली. हवा भरलेला, पाडला तरी पुन्हा उभा राहणारा एक मोठा बाहुला त्यांनी घेतला. मोठे माणूस त्याला बदडताना पाहिलेली बालके 1961 च्या प्रयोगात तशीच वागली. 1963 मध्ये तेच दृश्य पडद्यावर दाखवले, तरीही वागली. परंतु आपल्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो 1965 चा प्रयोग. त्यात 66 बालके होती. काहींनी मारणाऱ्याला खाऊ व शाबासकी मिळताना पाहिले, काहींनी त्याला शिक्षा होताना पाहिले, तर उरलेल्यांना पुढे काय झाले ते दाखवलेच नाही. शिक्षा पाहिलेल्यांनी अनुकरण कमी केले. येथवर पालकांचे म्हणणे खरे ठरते. मग 'त्याने काय काय केले ते करून दाखवा, बक्षीस देतो' असे सांगताच हा भेद मावळला. धडा सर्वांनीच घेतला होता. काहींनी तो केवळ मनात जपून ठेवला होता.

बाहुला मारण्यासाठीच असतो, प्रयोगशाळेतील काही मिनिटे म्हणजे आयुष्य नव्हे, हे आक्षेप रास्तच आहेत. म्हणून कॅनडातील एका गावाचे उदाहरण पाहावे. डोंगरांनी वेढलेल्या त्या गावात 1973 पर्यंत दूरदर्शन पोहोचलेच नव्हते. संशोधकांनी ते येण्यापूर्वी आणि नंतर दोन वर्षांनी मुलांचा खेळ पाहिला. ढकलाढकली, मारणे व शिवीगाळ वाढलेली आढळली. दूरदर्शन आधीपासूनच असलेल्या शेजारच्या दोन गावांशी त्यांनी तुलनाही केली होती. एका मालिकेने कोणी गुन्हेगार होत नाही, आणि मूल बिघडण्याची कारणे घरातही असतात. पण वाटा कोणाचा किती, हा हिशेब करताना दूरदर्शनचे खाते कोरे सोडता येत नाही.

आपले लक्ष खलनायकावर खिळलेले असते, तेथेच खरी गफलत होते. त्याच्यासारखे व्हावे असे सहसा कोणत्याच मुलाला वाटत नाही. त्याला व्हायचे असते नायक. आणि नायक काय करतो? दहा जणांना लोळवतो, त्याबद्दल हार घालून घेतो, अन् त्याच वेळी घरातील वडीलधारे म्हणतात, 'बरी जिरवली!' प्रयोगातला खाऊ व शाबासकी येथे आपणच देत असतो. कृत, कारित आणि अनुमोदित असे हिंसेचे तीन प्रकार आपण प्रतिक्रमणात म्हणतो. पहिल्या दोहोंपासून आपली घरे बहुतांशी दूर आहेत. तिसरा मात्र रोज रात्री दुकान वाढवून आल्यावर दिवाणखान्यात घडतो.

यावर संच फोडण्याची गरज नाही, आणि सक्तीने बंद केलेला संच मूल शेजारी जाऊन पाहते. त्यापेक्षा जवळ बसावे आणि मार खाणाऱ्याविषयी विचारावे. त्याला कुठे लागले असेल? त्याच्या घरी कोण वाट पाहत असेल? पडद्यावर हे सहसा दाखवत नाहीत, त्यामुळे मुले प्रथम गोंधळतात, मग पुष्कळ बोलतात.

दुकानातल्या संचाकडे तर कोणाचेच लक्ष नसते. शाळा सुटल्यावर मूल गल्ल्यापाशी गृहपाठ करीत बसते, आणि वर वृत्तवाहिनी जमावाच्या मारहाणीचे एकच दृश्य पुनःपुन्हा फिरवीत राहते. तो काही मुलांचा कार्यक्रम नव्हे, म्हणून आपण निश्चिंत असतो. तो संच मात्र खुशाल बंद ठेवावा; गिऱ्हाईक त्यावाचून अडत नाही.