दक्षिण व मध्य मुंबईच्या जलवितरणाचे संगणकीय मॉडेल तयार करण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. आयुक्त,
बृहन्मुंबई महानगरपालिका.

विषय : गिरगाव, दादर, परळ व लालबाग येथील जलवाहिन्यांचे संगणकीय मॉडेल व दाबाची नोंद.

महोदय,

या भागातील जलवितरणाची मूळ घडी एकोणिसाव्या शतकातली आहे. तानसा धरण १८९२ चे. मलबार हिलचा जलाशय त्याही आधीचा, आणि ए, सी, डी व जी दक्षिण विभागांची भिस्त आजही त्याच्यावर आहे. पुरवठा ठरावीक वेळांचा असल्याने पालिकेचा चावीवाला रस्त्यातली वाहिनीची चावी (झडप) वेळापत्रकाप्रमाणे उघडतो. किती आटे फिरवले की कोणत्या गल्लीच्या टोकाला पाणी पोहोचते, हे त्याला अनुभवाने ठाऊक असते. तो निवृत्त झाला की ही माहितीही त्याच्याबरोबर जाते.

दरम्यान गिरण्यांच्या आणि चाळींच्या जागी टॉवर आले. वाहिनीला पाणी येताच टॉवरची भूमिगत टाकी भरू लागते आणि त्याच वाहिनीच्या टोकाच्या चाळीत तळमजल्याच्या नळालाही करंगळीएवढी धार उरते. मग कोणीतरी नळाला थेट पंप जोडतो. वाहिनीतला दाब उणे होतो व फुटक्या जोडातून शेजारच्या गटाराचे पाणी आत ओढले जाते. गढूळ पाण्याच्या तक्रारीचे मूळ असे बरेचदा दाबात असते. खोदकाम मात्र तक्रारदाराच्या दारात होते.

संगणकीय मॉडेलमध्ये प्रत्येक वाहिनीची लांबी, व्यास व आतला खडबडीतपणा, जोडांची उंची, चाव्यांची स्थिती आणि जलाशयाची पातळी भरली जाते. त्यावरून कोणत्या तासाला कुठे किती दाब राहील, याचे गणित मांडता येते. यासाठी लागणारी ‘एपानेट’ ही प्रणाली १९९३ पासून विनामूल्य उपलब्ध आहे. अडचण प्रणालीची नसून आकड्यांची आहे. गंजलेल्या बिडाच्या वाहिनीचा कागदावरचा व्यास आणि पाण्याला प्रत्यक्ष मिळणारी वाट यांत मोठा फरक असतो. तो जागेवर मोजूनच कळतो. शिवाय चोवीस तास पुरवठा गृहीत धरणारे साधे मॉडेल इथे फसते. पाणी येताच सगळे एकदम पिंपे भरू लागतात, त्यामुळे कोणाला किती मिळते हे गरजेवर नव्हे, दाबावर ठरते. २०२० च्या ‘एपानेट २.२’मध्ये दाबाधारित मागणीचा हिशेब करण्याची सोय आहे.

कराडजवळच्या मलकापूरने संगणकीय आराखडा व जलमापकांच्या आधारे चोवीस तास पाण्याची योजना राबवली. मलकापूरचा पसारा मुंबईच्या एका विभागाएवढाही नाही, हे मान्य. पण गुंता जितका मोठा, तितके अंदाजाने काम भागणे कठीण.

सबब, सी, डी, जी उत्तर, जी दक्षिण व एफ दक्षिण विभागांचे दाबाधारित मॉडेल तयार करावे. त्याची पडताळणी जलाशयाजवळच्या आकड्यांवर न थांबता वाहिन्यांच्या शेवटच्या टोकांना, म्हणजे जुन्या चाळींच्या जोडण्यांवर, दाबनोंदणी यंत्रे बसवून व्हावी. चावीवाल्यांकडील माहिती त्यांच्या निवृत्तीपूर्वी नोंदवून मॉडेलमध्ये घालावी आणि प्रत्येक चावी केव्हा, किती आटे उघडली याची रोजची नोंद ठेवावी.

पुनर्विकासातील इमारतीला नवी जलजोडणी मंजूर करण्यापूर्वी, तिच्यामुळे त्याच वाहिनीवरील जुन्या जोडण्यांचा दाब किती घटेल हे मॉडेलवर तपासून तो निष्कर्ष मंजुरीपत्रास जोडावा. ज्या ठिकाणी दाब वारंवार उणे आढळेल तिथे वाहिनीबदलाचे काम प्रथम हाती घ्यावे, व विभागवार दाबाचे आकडे दरमहा विभाग कार्यालयाच्या फलकावर मराठीत लावावेत.

गिरगाव, दादर, परळ व लालबाग येथील रहिवासी