रोमची वाट आपल्या घाटांतून

रोम म्हटले की आमच्या विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढे चित्रपटातले ग्लॅडिएटर उभे राहतात. त्यात वावगे काही नाही. परंतु त्या रोमचा व्यापार मुळशीच्या उंबऱ्याशी येऊन गेला होता हे त्यांना कुणी सांगत नाही, याची मला खंत वाटते.

शेजारच्या मावळातले कार्ल्याचे चैत्यगृह बहुतेकांनी एकवीरेच्या दर्शनाला जाताना पाहिलेले असते. तेथील खांबांवरचे ब्राह्मी लेख मात्र कोण वाचतो? धेनुकाकटच्या यवनांनी दान दिलेले खांब त्यांत आहेत. एका यवनाचे नाव सिहधय, म्हणजे सिंहध्वज, दुसऱ्याचे धम्म. यवन म्हणजे ग्रीक, आणि रोमचा भारताशी चालणारा व्यापार बहुतांशी इजिप्तमधल्या ग्रीक भाषिकांच्याच हाती होता. पण नावे पाहावीत तर अस्सल इथली! यवन म्हणजे रोमन, असे समीकरण मांडून छाती फुगवणाऱ्यांनी ही नावे आधी वाचावीत. रोमन मद्यकुंभ म्हणून आपल्या देशात नोंदलेली कित्येक खापरेसुद्धा पुढे इराक-इराणकडच्या रांजणांची ठरली आहेत.

खरा इतिहास काही कमी नवलाचा नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अनामिक ग्रीक व्यापाऱ्याने 'पेरिप्लस' हे दर्यावर्दी टिपण लिहिले. त्यात पैठण, तगर म्हणजे तेर, कल्याण, चौल ही सारी आपली गावे आहेत. भडोचला इटलीच्या मद्याला विशेष मागणी होती, आणि राजासाठी चांदीची भांडी व गाणारी मुले येत. त्या काळी सातवाहन व क्षत्रप यांचे वैर होते. म्हणून कल्याणला चुकून शिरलेले ग्रीक जहाज पहाऱ्यात भडोचला नेत. युद्धाची झळ व्यापाऱ्याला तेव्हाही चुकली नव्हती.

भारत दरवर्षी रोमचे किमान 5 कोटी सेस्टर्स गिळतो, अशी कुरकुर प्लिनीने केली. हा प्लिनी इसवी सन 79 मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात मेला. त्याच उद्रेकात पॉम्पेई गाडले गेले, आणि 1938 मध्ये तिथल्या एका घरात हस्तिदंताची भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. तिच्या जातीच्या मूर्ती आपल्या तेर आणि भोकरदनला मिळाल्या आहेत. तक्रार करणारा आणि तक्रारीचा माल, दोघांचा शेवट एकाच राखेत!

आता आपल्याकडे वळू. तैलबैल्यावरून वाघजाईच्या घाटाने उतरले की पायथ्याशी ठाणाळ्याची बौद्ध लेणी लागतात. चौलसारख्या बंदरांतून देशावर चढणाऱ्या वाटांवरच अशी लेणी आहेत, असे अभ्यासक मानतात. व्यापाऱ्यांना आसरा आणि भिक्षूंना दान, असा तो उभयपक्षी सोयीचा मामला असावा.

या वाटा आता मोडत चालल्या आहेत. जमिनींचे प्लॉट पडतात, तारेचे कुंपण येते आणि पायवाट कुंपणाच्या आत जाते. डोक्यावर ओझे घेऊन कोकणच्या बाजाराला हे घाट उतरलेली माणसे थोडीच उरली आहेत. कोणत्या खिंडीला काय म्हणतात, पाणी कुठे मिळते, पायऱ्या कुठे कोरल्या आहेत, हे त्यांना तोंडपाठ. माझ्या मते इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी त्यांच्याजवळ बसून हे लिहून घ्यावे. रोमच्या सम्राटांची यादी नंतर पाठ केली तरी चालेल. यंदाच्या सहलीसाठी मी वाघजाईचा घाट सुचवला आहे. चढताना दम निघतो, तेव्हा पाणी मात्र भरपूर घ्या.